खुर्ची नसलेला मदत कक्ष

मित्रांनो, मी एक जुना सागवानी टेबल आहे. तुमसरमधल्या एका मोठ्या बँकेच्या शाखेत, दारातून आत येताच डाव्या हाताला मी उभा असतो. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की रडगाणे गातात, असा तुमचा अनुभव असेल. मी रडणार नाही. माझा एक पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली आहे; पण मान खाली घालावी असे मी काही केलेले नाही.

भंडाऱ्यापासून गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी, १९९९ साली, चिंधू मिस्त्रीने मला घडवले. माझ्या फळीत एक गाठ होती, रंधा तिथे येऊन अडायचा. फळी बदलू का, असे कुणीतरी विचारले, तेव्हा चिंधू म्हणाला, "राहू दे. अडेल लाकूड हाय, पन टिकते."

बरीच वर्षे मी मोठ्या साहेबांचा टेबल होतो. माझ्यावर काच होती, घंटी होती, दसऱ्याला मला झेंडूचा हार चढायचा. मग शाखेत काचेची केबिन आली, चकचकीत फर्निचर आले आणि माझी रवानगी दारापाशी झाली. वर 'मदत कक्ष' अशी पाटी लागली. मदत करायला मात्र कोणी बसेना. लोक माझ्यावर हेल्मेट ठेवत, पिशव्या ठेवत, पेन चालते का ते माझ्याच अंगावर गिरवून बघत. गावातल्या राइस मिलच्या कोंड्याची धूळ बसे ती वेगळीच.

अशात एके दिवशी रुचिता आली. जवळच्याच आंबागडची मुलगी, नागपूरला एमबीए शिकणारी. कॉलेजने तिला दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला, म्हणजे काम करता करता शिकायला, पाठवले होते. नागपूरच्या उंच इमारतीतले ऑफिस मिळेल अशी तिची आशा होती; पण पत्ता आंबागडचा पाहून बँकेने तिला तुमसर दिले. गळ्यात ओळखपत्र, अंगात कडक इस्त्रीचा नवा शर्ट. आमचे शिपाई सेवकराम मला फडक्याने पुसत म्हणाले, "बसा मॅडम."

"मले मॅडम नका म्हणू, काका," ती म्हणाली. "आंबागडच्या डोमा मेश्रामची पोरगी हाव मी."

शाखेचे मॅनेजर धर्मेंद्र साहेब तिला मनापासून शिकवत. खाते कसे उघडायचे, रागावलेल्या माणसाला आधी बसवायचे आणि मग बोलायचे, हे तिने त्यांच्याकडूनच घेतले. आठवडाभरात माझ्यापुढे रांग लागू लागली. म्हाताऱ्या बाया तिच्याशी आपल्या बोलीत बोलत, हसत. कितीतरी वर्षांनी माझ्यावरची पाटी खरी झाली.

मग साहेबांनी तिला पुढचे काम सांगितले. नवे खाते उघडणाऱ्या प्रत्येकाला सोबत विमा द्यायचा. वरून टार्गेट आले होते. ज्या इंटर्नचे टार्गेट पुरे होईल, त्याला बँक नोकरी देणार होती. "बायायले सांगायचं, खात्यासोबत हे लागते," साहेब म्हणाले. "सगळ्या शाखा तेच करून राहिल्या."

दुसऱ्याच दिवशी निर्मलाबाई आल्या. नवरा नुकताच वारलेला, विधवा पेन्शनसाठी खाते हवे होते. विम्याचा कागद पुढे येताच त्यांनी माझ्या कडेवर हात टेकला आणि विचारले, "हे लागतेच का, बाई?"

साहेब मागेच उभे होते. रुचिताने एकदा त्यांच्याकडे पाहिले. मग तिने विम्याचा कागद बाजूला सारला.

"नाही लागत, मावशी," ती म्हणाली. "नाही घेतलं तरी तुमचं खातं होते."

निर्मलाबाई गेल्यावर साहेब माझ्यावर वाकले. आवाज हळू होता. "तुले नोकरी पायजे का नाही?"

"पायजे, सर. घरी बाबा वाट पाहून राहिले."

"मग असं काहून केलं? खोटं बोल म्हणत नाही मी. सगळेच घेतात, एवढं म्हणायचं."

"त्यायनं सगळ्यायचं नाही विचारलं, सर. लागते का, म्हणून विचारलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुचिता आली, तर तिची खुर्ची आत नेलेली होती. ती दिवसभर माझ्या कडेला हात टेकून उभी राहिली आणि आलेल्या प्रत्येकाचे काम तिने केले. सेवकरामने स्टूल आणले, तर म्हणाली, "राहू द्या, काका. तुमच्यावर बोलणं येईल."

मित्रांनो, माझ्यासमोर मोठमोठे साहेब बसून गेले. पण उभ्या माणसाचा हात असा माझ्यावर कधी नव्हता.

तिसऱ्या दिवशी ती खडू घेऊन आली आणि माझ्या छातीवर, म्हणजे दाराकडच्या फळीवर, तिने मोठ्या अक्षरांत लिहिले, 'विमा घ्यावाच लागत नाही. समजून घ्यायचा असेल तर विचारा.' आणि बायांनी विचारलेही. ती उभ्याउभ्या सगळे समजावून सांगायची. समजल्यावर काहींनी विमा घेतला, बऱ्याच जणींनी नाही घेतला.

साहेबांनी सेवकरामला टेबल पुसायला सांगितले. सेवकरामने फडके ओले केले आणि मला चारही पायांपासून लख्ख पुसले. अक्षरे तेवढी सोडली. साहेबांनी पाहिले आणि ते केबिनमध्ये गेले. पुन्हा सांगायला आले नाहीत.

इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरहून मोठ्या अधिकारी बाई तपासणीला आल्या. दारातच थबकल्या. खडूची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," रुचिता म्हणाली.

"मॅनेजरांनी सांगितलं होतं?"

केबिनच्या दारात धर्मेंद्र साहेबांचा चेहरा उतरला होता. 'हो' एवढ्या एका शब्दात ती त्यांना अडकवू शकली असती.

"नाही, मॅडम. माझ्याच मनानं लिहिलं."

"कुणाची परवानगी?"

"बँकेच्याच कागदावर छापलं आहे, मॅडम. बारीक अक्षरात. मी फक्त मोठं केलं."

अधिकारी बाईंनी शाबासकी दिली नाही. "टेबल पुसून घ्या," एवढेच म्हणून त्या आत गेल्या. मला पुसले गेले.

नोकरी रुचिताला मिळाली नाही. तिच्या प्रमाणपत्रावर 'सूचनांचे पालन : सुधारणा आवश्यक' असा शेरा आला. तिने ते प्रमाणपत्र माझ्यावर ठेवून वाचले, घडी न घालता पिशवीत टाकले. सेवकरामचे डोळे भरले, तशी ती म्हणाली, "कायले रडता, काका? बँकेवर नाही रुसली मी. परीक्षा देईन अन् बँकेतच येईन. तेव्हा माझी खुर्ची कोणी नेऊन दाखवावी."

बाहेर तिचे बाबा, डोमा, सायकल घेऊन उभे होते. बापलेक बाजाराच्या रस्त्याने निघून गेले.

आता तिच्या जागी नागपूरचा एक मुलगा बसतो. त्याला खुर्ची आहे. परवा आंबागडच्या चंद्रभागाबाई चार जणींना घेऊन आल्या. मुलाने विम्याचा कागद पुढे करताच त्यांनी माझ्यावर थाप मारली आणि सगळ्या शाखेला ऐकू जाईल असे विचारले, "लागतेच का हे?"

मुलाने केबिनकडे पाहिले. काचेपलीकडे साहेबांनी मान वर केली, ते क्षणभर थांबले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"नाही लागत, आजी," मुलगा म्हणाला.

पुढच्या महिन्यात जुने फर्निचर निघणार, असे ऐकतो. निघू दे. मला पॉलिश करा, सावलीत ठेवा, अशी विनंती मी करणार नाही. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे : कुठल्याही मोठ्या दारात गेलात, तर टेबलावर हात ठेवा आणि मोठ्याने विचारा. लाकूड झिजते. विचारायची सवय मोडू देऊ नका.