दोनदा दाबायचा ब्रेक

महापालिकेच्या मराठी शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाने दोन दारांची स्पोर्ट्स कार बाळगावी, हे सुरतेतल्या अडाजणच्या त्या सोसायटीत कोणालाच पटलेलं नव्हतं. तुषार देवरेंना कोणाला पटवायचंही नव्हतं. एका हिरे व्यापाऱ्याच्या मुलाने हौसेने परदेशातून आणलेली ती निळी गाडी दोन हात फिरून त्यांच्याकडे आली, तेव्हाच बारा वर्षांची होती. नव्या साध्या गाडीपेक्षाही स्वस्तात मिळाली. का, ते पुढे कळत गेलं. डावं दार उचलून लावावं लागे, थंडीत दुसरा गिअर रुसून बसे, पावसात मागच्या काचेतून पाणी ठिबके. सरांनी नऊ वर्षांत सगळ्याशी जमवून घेतलं. "माझ्या माहेरच्यांशी एवढं जमवलं असतंत तर," असं त्यांची बायको छाया म्हणे, आणि ते काही खोटं नव्हतं.

एक गोष्ट मात्र छायाला माहीत नव्हती. दिवाळीपासून गाडीचा ब्रेक बिघडला होता. गाडी थंड असेपर्यंत तो शहाण्यासारखा लागे. पंधरा-वीस मिनिटं चालवून गाडी तापली, की पहिल्या दाबाला पॅडल सरळ खाली जाई आणि दुसऱ्या दाबाला पकडे. लिंबायतच्या भिकन मिस्त्रीने चाकं खोलून पाहिलं आणि हात पुसत सांगितलं, "सर, दोन दाव दाबा, मंग धरस बरोबर. पार्ट येस तवलगून चाली जाई." म्हणजे पार्ट येईपर्यंत दोनदा दाबून भागवायचं. पार्ट बाहेरून मागवला होता. तीन महिने झाले, तो येतच होता. छायाला सांगितलं असतं तर तिने त्याच संध्याकाळी गाडी विकायला काढली असती, म्हणून सरांनी सांगितलं नाही. त्यांच्या पायाला हळूहळू दोनदा दाबायची इतकी सवय झाली, की शाळेत खुर्चीवर बसल्या बसल्याही तो पाय दोनदा हले.

त्या दिवशी सकाळी मुलीची, शर्वरीची, हजिऱ्याच्या एका कारखान्यात मुलाखत होती, साडेदहाला. कॅबवाल्याने नऊ वाजता राईड कॅन्सल केली आणि दुसरी मिळेना. सरांची लिंबायतला सराव परीक्षेवर देखरेख होती, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला.

"मी स्कूटीवर जाते," शर्वरी म्हणाली.

"हजिरा रोडवर? त्या ट्रेलरांमधून?" छाया कडाडली. "अजिबात नाही. पप्पांची गाडी ने. लायसन काय फोटो बघायला काढलंय? स्कूटी पप्पा नेतील शाळेत."

शर्वरीने भीत भीत बापाकडे पाहिलं. ती गाडी म्हणजे पप्पांचं काळीज, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी शेजारच्या पाल भागातल्या रिकाम्या रस्त्यावर तिने चार-पाच वेळा चालवली होती, तीही दहा-दहा मिनिटं. पोरीला नाही म्हणायचं सरांच्या जिवावर आलं. त्यांनी किल्ली दिली, डावं दार उचलून लावायचं सांगितलं, दुसऱ्या गिअरचं सांगितलं. ब्रेक त्यांना आठवलाच नाही. पायाला आठवत होता, डोक्याला नाही.

छायाने लेकीच्या हातावर दही-साखर ठेवली. गाडी हळूच मागे आली, वळली आणि फाटकापाशी थांबली. मागचे लाल दिवे लागले. ते दिवे बघताच सरांना ब्रेक आठवला. त्यांनी तोंड उघडलं, "श—"

छायाने त्यांचा दंड धरला. "अहो! चांगल्या कामाला निघालीय पोरगी. मागून हाक मारतात का?"

सरांनी नाव अर्धवटच सोडलं.

आता खरं सांगायचं तर नंदुरबार सोडून सुरतेला आलेल्या या माणसाने शकुन-अपशकुन कधी मानले नव्हते. अमावस्येला त्यांनी खुशाल गाडी उचलून आणली होती. पण त्या क्षणी बायकोचा तो हात त्यांना बरा वाटला. ओरडून सांगायचं म्हणजे ब्रेकचं सांगायचं, आणि छाया तिथेच उभी होती. तेवढ्या अवधीत गाडी फाटकातून बाहेर पडली. सरांनी असं करायला नको होतं.

"काय सांगणार होतात?"

"काही नाही. मार्कशीट घेतली का, विचारत होतो."

दोन मिनिटं ते तसेच उभे राहिले. मग वर जाऊन त्यांनी स्कूटीची किल्ली घेतली आणि जवळजवळ पळतच खाली उतरले. लिंबायतकडे न वळता त्यांनी स्कूटी हजिऱ्याच्या दिशेला काढली.

फोन करायचा का? हा प्रश्न पालपर्यंत त्यांच्या डोक्यात घणासारखा बसत राहिला. शर्वरी पहिल्या रिंगला फोन उचलते. उचलला, तर एक हात स्टिअरिंगवर, अर्धं लक्ष फोनवर. नाही उचलला, तर ठीक. पण ती उचलणारच. आणि गल्लीबोळात ब्रेक नीट लागला असणार, म्हणजे तिला त्याचा भरवसा बसला असणार. पुढे रस्ता मोकळा, वेग वाढणार, गाडी तापणार. सगळा हिशोब त्यांना पाठ होता. वीस मिनिटं म्हणजे इच्छापोर चौकाच्या आसपास.

घड्याळात तिला निघून अठरा मिनिटं झाली होती. स्कूटीचा काटा सत्तरच्या वर जाईना. ट्रेलर अंगावरून जात होते, प्रत्येकाच्या पुढे काय असेल ते दिसत नव्हतं, आणि प्रत्येक वेळी सरांना वाटे की ह्याच्यापुढेच आहे.

खिशात फोन वाजला. त्यांनी स्कूटी मातीत उतरवली. फोन बाहेर काढेपर्यंत रिंग थांबली. नाव शर्वरीचं होतं. उलट फोन केला. रिंग पूर्ण वाजली, कोणी उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा तेच. सर रस्त्यावरच मोठ्याने म्हणाले, "देवा, गाडी घे. भंगारात घे. पोरगी ठेव."

इच्छापोर चौकाच्या अलीकडे रस्त्याकडेला माणसं जमली होती. निळी गाडी नाकापर्यंत रेतीच्या ढिगात घुसली होती. पुढे दहा हातांवर लोखंडी सळ्या लादलेला एक ट्रेलर उभा होता, सळ्यांची टोकं मागे बाहेर आलेली. काचेच्या नेमक्या उंचीला. सरांनी स्कूटी उभीसुद्धा केली नाही, तशीच टाकली.

चहाच्या टपरीवाल्याने त्यांना अडवलं. "काका, बेनने कंई नथी थयुं. हँडब्रेक खेंची ने गाडी रेतीमां नाखी दीधी. बहु हिंमतवाळी छे." मुलीला काही झालेलं नव्हतं. तिने हँडब्रेक ओढून गाडी रेतीत घातली होती.

शर्वरी टपरीच्या बाकावर बसली होती, मुलाखतीच्या पांढऱ्या कुर्त्यावर रेती, फाईल छातीशी धरलेली. बापाला बघताच तिचा बांध फुटला.

"सॉरी पप्पा. सॉरी. मी ब्रेक दाबला, तो खालीच गेला. मीच काहीतरी चुकीचं केलं. तुम्ही इतकी जपता गाडी आणि मी एका दिवसात बिघडवून ठेवली. तुम्हाला फोन केला, मग सांगायची हिंमतच झाली नाही."

सरांनी तिला जवळ घेतलं. जिवंत होती, रडत होती, माफी मागत होती. "असू दे, होतं असं," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. रेतीतून गाडी निघाली असती, घरी सगळ्यांनी पोरीला समजावलं असतं, आणि पुढची चाळीस वर्षं तिला वाटत राहिलं असतं की चूक आपली होती.

"तू नाही बिघडवली," ते म्हणाले. "दिवाळीपासून तसाच आहे. तापल्यावर दोनदा दाबावा लागतो. मला माहीत होतं."

शर्वरी बाजूला झाली. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, ते तिच्या चेहऱ्यावर सरांना दिसलं.

"फाटकात थांबले होते मी," ती म्हणाली. "तुम्ही काहीतरी बोलणार होतात. आरशात दिसलात."

"हो."

"आईला माहितीये?"

"नाही. सांगतो आज."

"आत्ता सांगा. माझ्यासमोर."

सरांनी फोन लावला. छायाने लगेच उचलला, मागे कुकरची शिट्टी. "अहो, परीक्षा सोडून फोन? पोचली का ती?"

"छाया, शर्वरी ठीक आहे. माझ्याजवळ आहे. आधी एवढं ऐकून घे." मग त्यांनी सगळं सांगितलं. ब्रेक, भिकन, तीन महिने, फाटक, सळ्या. काहीच गाळलं नाही. पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, कोणी गॅस बंद केला नाही.

"छाया? ऐकतेस ना?"

"तिला फोन द्या," छाया म्हणाली.