ठोकळा कुठे पडला

कुबडीवाल्याने गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी वर केली, मानेभोवती कॉलर गुंडाळली आणि पट्टा चिकटवण्याआधी, जणू मापाचाच प्रश्न आहे अशा आवाजात विचारलं,

"डोक्याला पट्टी कसली?"

"लागलं."

"कशाने?"

"काय सांगू तुम्हाला. वरून आलं काहीतरी."

कुबडीवाल्याच्या हातातून पट्टा सुटला.

"वरून म्हणजे? भिंतीवरून?"

"माळ्यावरून. बॅग. बायको सांगत होती, तिथे ठेवू नका. ठेवली."

"कापडी?"

"कापडीच. आत इस्त्री होती."

कुबडीवाल्याने श्वास सोडला. इतका लांब, की गिऱ्हाइकाच्या कपाळावरची झुलपं हलली. मग त्याने कॉलर नीट बसवली आणि पैसे घ्यायला नकार दिला. गिऱ्हाईक दारात जाऊन पुन्हा एकदा वळलं, हात जोडले, आणि कॉलरमुळे मान वाकवता येईना म्हणून कमरेतून वाकलं.

"अजून एक पुण्यकर्म," गल्ल्यावरून बायको म्हणाली. "लोकांनी डोकी फोडून घ्यायची आणि भुर्दंड आपण सोसायचा. उद्या पाटीच लावा, पट्टी दाखवा, पट्टा न्या."

तो उरलेल्या कॉलरी मोजू लागला. त्याचं दुकान खेळण्यांचं किंवा छत्र्यांचं असतं तर त्याला इतका त्रास झाला नसता. पण त्याच्याकडे कुबड्या, वॉकर, कंबरपट्टे आणि मानेच्या कॉलरी मिळत. धडधाकट माणूस या दुकानात फक्त पत्ता विचारायला येई. बाकी जो यायचा तो कुठेतरी आपटून, धडकून नाहीतर घसरून आलेला असायचा, आणि गेला महिनाभर त्यातला प्रत्येक जण कुबडीवाल्याला आपलाच गुन्हा वाटत होता.

याला कारण गोल्फची काठी.

ती त्याने बाबांसाठी केली होती. बाबांनी उभी हयात गोल्फच्या मैदानावर गवत कापण्यात घालवली. गुडघा गेला, कुबडी आली, आणि ज्या गवतावर आयुष्यभर यंत्र फिरवलं त्यावर आपण एकदाही चेंडू मारला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. तक्रार त्यांनी केली नाही. नुसते अंगणात बसून कुबडीच्या टोकाने लिंबं ढकलू लागले. ते बघवेना म्हणून मुलाने कुबडीचीच नळी घेतली आणि खाली एक लोखंडी ठोकळा बसवला. कुबडीची उंची कमीजास्त करायला असते तसं स्प्रिंगचं बटण आणि तशीच भोकांची रांग ठेवली. बाबा दरवर्षी थोडे वाकत होते, तशी काठीही आखूड करता येणार होती. कुबडीवाल्याला वस्तू करायची ही एकच रीत माहीत होती. त्याने पाळणा केला असता तरी त्याला बटण ठेवलं असतं.

बाबा एका हाताने कुबडीवर भार देत आणि दुसऱ्या हाताने चेंडू हळूच लोटत. घरात सगळं आनंदात होतं. मग बायकोचा भाऊ आला.

"भावजी, ही घरात ठेवायची चीज नाही," मेहुणा म्हणाला होता. "अख्ख्या खानदानाला एक काठी! आजोबा खेळले, बटण दाबलं, नातू खेळला." हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने ते छापून आणलं. खेळाचं सामान विकणाऱ्या कंपनीला फोनही केला. आणि फोन झाल्याच्या आनंदात, अंगणातच काठी लांब करून, कंबरेतून फिरून, सगळ्या ताकदीने ती हवेत फिरवली.

ठोकळा निघाला.

कुबडीवाल्याने फक्त वारा ऐकला आणि तो डोळे मिटून खाली बसला. मेहुणा आपल्याच वेगाने गोल फिरला होता. दोघांनी डोळे उघडले तेव्हा काठी होती, ठोकळा नव्हता. काच फुटल्याचा आवाज नाही, किंकाळी नाही, साधं कुत्रंही भुंकलं नाही.

"संपलं," कुबडीवाला उठत म्हणाला होता. "हे आजपासून बंद. आहे नाही ते सगळं वितळवून टाकतो. कुठे गेला तो? कुणी पाहिला?"

स्टुलावर बसलेल्या बाबांनी शांतपणे भिंतीपलीकडे बोट दाखवलं.

"तिकडे."

तिकडे गल्ली होती. गल्लीपलीकडे बसथांबा, दाताचा दवाखाना आणि एक बालवाडी. कुबडीवाल्याने गटार पाहिलं, छपरं पाहिली, बालवाडीच्या बाईंना मुलं मोजायला लावली. ठोकळा कुठेच नव्हता. आवाज झाला असता, एखादी खिडकी फुटली असती, तर भरपाई देऊन मोकळं होता आलं असतं. पण जी वस्तू पडल्याचा आवाज आलाच नाही, ती पडली असं तरी कसं म्हणायचं? तेव्हापासून तो रस्त्याने चालताना वर बघे. गल्लीतल्या लोकांना वाटे की माणूस अलीकडे देवधर्माकडे वळलाय.

चूक काय झाली ते मात्र त्याला त्याच संध्याकाळी कळलं होतं. कुबडीवर माणूस भार टाकतो, त्यामुळे तिची जोडणी नेहमी दाबली जाते. जितका भार, तितकी ती घट्ट. वर्षानुवर्षं त्याने दाबली जाणारी जोडणीच केली होती. फिरवलेली काठी मात्र ठोकळ्याला बाहेर ओढते, आणि ओढ सोसणं त्या बटणाच्या बापजन्मात कुणी केलं नव्हतं.

हे त्याने मेहुण्याला सांगायचा प्रयत्न केला.

"भावजी, कंपनीची माणसं यायचीत. आता जोडणी-बिडणी काढू नका. लग्नात उखाणा घ्यायलासुद्धा तुम्ही एवढे घाबरला नव्हतात."

म्हणून त्याने नवा ठोकळा केला, आणि कुणाला न सांगता आरपार एक खिळा ठोकून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. आता तो निघणार नव्हता. आता काठी लांब-आखूडही होणार नव्हती, पण कंपनी आली की काहीतरी सुचेल असं त्याला वाटलं. काहीच सुचणार नाही हेही त्याला वाटलं. शिवाय अलीकडे बाबा चालले की कुबडीतून टण् असा बारीक आवाज येऊ लागला होता. त्याने कुबडीचा प्रत्येक स्क्रू आवळला, खालचं रबर बदललं. आवाज गेला नाही.

"पिशवीतला चष्म्याचा डबा असेल," कुबडीला अडकवलेली कापडी पिशवी चाचपत बाबा म्हणाले.

आज कंपनीच्या बाई आल्या. बरोबर त्यांचा एक माणूस होता. त्याची मनगटं एवढी जाड, की मेहुण्याने त्याच्याशी हात मिळवला आणि मग बराच वेळ स्वतःचा हात परत मिळाला का ते पाहत राहिला. मागच्या अंगणात जाळी बांधली होती. बाबा स्टुलावर, बायको दारात, मेहुणा सगळीकडे.

मनगटवाल्याने काठी फिरवली. चेंडू जाळीत जाऊन अडकला. कुबडीवाल्याने डोळे उघडले. ठोकळा जागेवर होता.

"वजन चांगलंय," बाई म्हणाल्या. "आता उंची बदलून दाखवा."

"आजोबा खेळले, बटण दाबलं," मेहुणा म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. "नातू..." तो म्हणाला. "भावजी, नातू अडकलाय."

सगळे कुबडीवाल्याकडे पाहू लागले. सांगायची वेळ हीच होती. त्याने तोंड उघडलं, आणि हातांनी चिकटपट्टी सोडवायला घेतली. तोंड उघडंच राहिलं, हात मात्र चालत राहिले. पकडीने खिळा ओढला, खिशात टाकला, नळी सरकवली. बटण टिक करून भोकात बसलं. त्याने काठी मनगटवाल्याच्या हातात दिली.

"आता पूर्ण ताकदीने," बाई म्हणाल्या.

कुबडीवाला दाराशी गेला आणि बायकोला दंडाला धरून भिंतीआड उभं केलं.

"अहो, काय हे?"

"ऊन लागेल."

मग त्याने मेहुण्याला पाण्याच्या पिंपामागे ढकललं. बाईंची खुर्ची, बाई बसलेल्या असतानाच, थोडी डावीकडे ओढली. मग अजून थोडी. शेवटी तो बाबांकडे गेला.

"बाबा, तिकडे बसा."

"मला इथूनच दिसतं."

"ऐका ना माझं."

"अरे, मला इथूनच दिसतं म्हटलं ना."

तेव्हा तो बाबांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, हात बाजूला, छाती पुढे, फोटो काढून घेणाऱ्यासारखा. फक्त खिशातला खिळा किल्ल्यांवर वाजत होता. मनगटवाल्याने काठी मागे नेली.

"थांब," बाई म्हणाल्या.

काठी हवेतच थांबली.

"तुम्ही तिथे का उभे आहात?"

"असाच."

"ते निघतं का?"

कुबडीवाल्याने मेहुण्याकडे पाहिलं. पिंपामागून मेहुणा जिवाच्या आकांताने नकारार्थी मान हलवत होता.

"निघतं," कुबडीवाला म्हणाला. "एकदा निघालंय. ही कुबडीची जोडणी आहे बाई. दाबलेली चालते, ओढलेली चालत नाही. तुम्ही हजारो कराल, हजारो लोक फिरवतील, आणि एकेक ठोकळा..." त्याने वर आभाळाकडे हात केला. तिथे एक घार होती. तिच्याकडेही तो जरा घाबरून बघत राहिला. "पहिलाच अजून सापडला नाही."

बाईंनी मनगटवाल्याच्या हातातून काठी घेतली, बटणावरून बोट फिरवलं आणि ती भिंतीला टेकवून ठेवली.

"खिळा मारलेल्या काठ्या आमच्याकडे गोदामभर पडल्यात. आम्हाला बटणाची हवी होती." त्या उठल्या. "न निघणारी करता आली तर फोन करा. नाही आली तर करू नका."

त्या गेल्या. मेहुणा पिंपाला टेकून जमिनीवर बसला.

"आजोबांपासून नातवापर्यंत," तो हळूच म्हणाला. "एका मिनिटात निर्वंश केलात, भावजी."

तेवढ्यात टक् असा आवाज झाला.

बाबांनी कुबडीचा खालचा तुकडा काढून बाजूला ठेवला होता आणि वरच्या नळीत एक लोखंडी ठोकळा बसवला होता. जोडणी कुबडीचीच, त्यामुळे तो बसला. ते भिंतीला खांदा टेकून उभे राहिले, नेम धरला आणि चेंडू हळूच लोटला. चेंडू घरंगळत जाऊन कोरफडीच्या कुंडीला लागला.

कुबडीवाल्याने त्या ठोकळ्याकडे पाहिलं. मग रिकाम्या पिशवीकडे. त्यात चष्म्याचा डबा नव्हता.

"कुठे सापडला?"

"कोरफडीत. ओल्या मातीत रुतला होता."

"कधी?"

"तेव्हाच."

"आणि मला भिंतीपलीकडे बोट दाखवलंत? मी महिनाभर... मी बालवाडीतली मुलं मोजायला लावली, बाबा!"

"तू वितळवणार होतास."

"हा निघतो! कुणाला लागला तर?"

"मी जोरात मारत नाही," बाबा म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "तू लोकांना फुकट पट्टे वाटत होतास, ते त्यासाठी होय? मला वाटलं, सुधारलास."

दारात बायको हसू दाबत होती. ते दाबलं गेलं नाही. मग मेहुणा हसला, आणि शेवटी कुबडीवाल्यालाही हसू आलं. छातीवरून कुणीतरी वॉकर उचलून घ्यावा तसं त्याला वाटलं. कुणालाही लागलं नव्हतं. सगळी डोकी ज्याच्या त्याच्या कर्माने फुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर न बघता दुकानात आला. टेबलावर कागद पसरून त्याने नवी जोडणी काढायला घेतली. ओढलं की घट्ट बसेल अशी. दोनदा खोडली, तिसऱ्यांदा बरी वाटली. मागच्या अंगणात बाबा उठले होते. टक्, टक्. त्याने मनातल्या मनात दाद दिली. हात बसत चाललाय म्हाताऱ्याचा.

एक गिऱ्हाईक आत आलं. मान एका बाजूला, कपाळावर ताजी पट्टी.

"या, बसा," कुबडीवाला प्रसन्नपणे म्हणाला. आज तो पूर्ण पैसे घेणार होता. त्याने कॉलर काढली, हनुवटी वर केली. "काय, कपाट की माळा?"

"कसलं कपाट. या तुमच्या मागच्या गल्लीतून चाललो होतो. भिंतीवरून आला."

"कोण?"

गिऱ्हाइकाने खिशात हात घातला आणि टेबलावर, नव्या जोडणीच्या बरोबर मधोमध, एक छोटा पांढरा चेंडू ठेवला.

चेंडूचा त्याने कधी विचारच केला नव्हता.

"जोरात लागला?" चेंडू कागदावरून उचलत त्याने विचारलं.

"म्हणजे काय!"

मागे पुन्हा टक् झालं. या वेळचा आवाज जरा भरदार होता. दोघांनीही एकदमच मान वर केली, आणि छताकडे बघत, काहीतरी पडल्याचा आवाज येण्याची वाट पाहत राहिले.