शून्य कुणाच्या नावावर?

मित्रांनो, मी एक जुना गुणफलक आहे आणि इतकी वर्षं झाली तरी मला बसलेला धक्का ओसरलेला नाही. लाकडाला कसला आलाय धक्का, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. पण माझ्यासमोर जे घडलं ते तुमच्यासमोर घडलं असतं, तर तुम्हीही माझ्यासारखेच भिंतीला टेकून गप्प उभे राहिला असतात.

माझा जन्म ऑस्लोत झाला, टेलिव्हिजनच्या इमारतीतल्या सुतारकामाच्या खोलीत. पाइनच्या चांगल्या वाळलेल्या फळ्या जोडून मला उभं केलं. तेव्हा टेलिव्हिजनला रंग नव्हते आणि पांढरं काही कॅमेऱ्याला खुपायचं, म्हणून मला गडद राखाडी रंग दिला. एका बाजूला गाण्यांच्या नावाच्या पट्ट्या सरकवायला खाचा केल्या, दुसऱ्या बाजूला गुणांच्या पाट्या टांगायला पितळेचे हूक ठोकले. हे सगळं केलं आन्सगारने. तो सामानखात्यातला माणूस. अक्षर सुरेख आणि तोंड अखंड चालू. पट्ट्यांवरची नावं तोच रंगवायचा आणि शिडीवर चढून पाट्याही तोच टांगायचा.

माझं काम वर्षातून एकदाच असायचं. गाण्याच्या परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला आपल्या देशाने कोणतं गाणं पाठवायचं, ते हिवाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी ठरायचं. गावोगावचे परीक्षक आपापल्या ठिकाणी टेलिव्हिजनसमोर बसून गाणी ऐकायचे आणि टेलिफोनवरून गुण सांगायचे. आन्सगार ते माझ्यावर टांगायचा. त्या वेळी सगळा देश माझ्याकडे बघत असायचा. मी मात्र समोरच्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचो. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा भलताच भाव चढायचा.

पहिल्याच वर्षी मी हबकलो होतो. एक मुलगी आली आणि चार वाजवणाऱ्यांना घेऊन एक गाणं म्हणून गेली. थोड्या वेळाने एक गृहस्थ आले आणि भल्यामोठ्या वाद्यवृंदाबरोबर तेच गाणं म्हणू लागले! मला वाटलं, झाला घोटाळा, आता हसतील सगळे. पण कुणी हसेना. नंतर आन्सगार कुणा नव्या माणसाला समजावत होता तेव्हा मला उलगडा झाला. स्पर्धा गाण्याची, गाणाऱ्याची नव्हे. एखाद्याच्या गोड गळ्याला भुलून मत पडू नये, म्हणून प्रत्येक गाणं दोघांकडून म्हणवून घ्यायचं. गाणं जिंकलं की त्या दोघांपैकी परदेशी कुणी जायचं, ते वरचे लोक ठरवणार. म्हणून माझ्यावर फक्त गाण्यांची नावं असायची. मला तेव्हा हे फार न्यायाचं वाटलं होतं.

मग सिनोवेचं वर्ष आलं.

सिनोवे आली होती पार उत्तरेच्या टोकावरच्या वार्डोहून, आधी बोटीने आणि मग रेल्वेने. तिथल्या टेलिफोन एक्सचेंजात ती गावाच्या फोनच्या जोडण्या करून द्यायची. स्क्यारे नावाच्या संगीतकाराने तिचं गाणं गावच्या सभागृहात ऐकलं होतं आणि आपल्या 'बंदरावरचा दिवा' या गाण्यासाठी हट्टाने तिला बोलावून घेतलं होतं. तिने चौघांच्या साथीवर गायचं आणि मोठ्या वाद्यवृंदाबरोबर रागना होल्मबू गाणार, असं ठरलं. रागना म्हणजे घरोघरी तबकड्या वाजायच्या अशी नामांकित बाई.

तालमीच्या दिवशी आन्सगारने सिनोवेला कॉफी दिली आणि विचारलं, काय पोरी, भीती वाटते का? आमच्याकडे अशा वेळी 'छे, मी कुठली एवढी मोठी' असं म्हणायची रीत आहे. आपल्याला काही हवंय असं कुणी उघड बोलत नाही. सिनोवे बोलली.

"मला जायचंय," ती म्हणाली. "फार जायचंय. आमच्यासारखं बोलणारं माणूस टेलिव्हिजनवर दिसतं ते फक्त विनोदी नाटकातला मासेवाला म्हणून. निघताना सगळं गाव धक्क्यावर आलं होतं. म्हणाले, आपली बोली एकदा नीट ऐकव त्यांना."

आन्सगारने घाईघाईने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. एवढी सरळ इच्छा ऐकायची त्याला सवय नव्हती. मलाही नव्हती.

शनिवारी ती उभी राहिली आणि गायली. मित्रांनो, कसं सांगू! हात बाजूला सोडलेले, डोळे कुठेतरी लांब, आणि तो उत्तरेकडचा हेल, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. बोटीवर गेलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं होतं ते, आणि आपल्या शेजारचीच बाई सांगतेय असं वाटत होतं. गिटारवाला मान खाली घालून वाजवायचा, तोसुद्धा तिच्याकडे बघत राहिला. नंतर रागनाबाई आल्या. त्यांनीही गाणं चांगलंच म्हटलं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण या वेळी गिटारवाला बाजूला बसून पाव खात होता, हेही मी पाहिलं.

गुण येऊ लागले. एकामागून एक गाव 'बंदरावरचा दिवा'ला भरभरून देत होतं. आन्सगारची शिडीवर धावपळ उडाली. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावाच्या परीक्षकबाई गुण सांगून झाल्यावर म्हणाल्या, "आणि त्या पहिल्या मुलीला सांगा, इथे आमच्या खोलीत..." तेवढ्यात निवेदकाने आभार मानून त्यांचा फोन तोडला. परीक्षकांनी आकड्यांपलीकडे काही बोलायचं नाही, असा नियमच होता. गाणं जिंकलं. सिनोवे दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती.

प्रेक्षक गेले, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली. करमणूक विभागाचे प्रमुख हेल्गेसेनसाहेब दोघींना घेऊन थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले, म्हणून मला सगळं ऐकू आलं. त्यांनी सिनोवेची तोंडभर स्तुती केली आणि मग म्हणाले की तिकडे रागनाबाई जातील.

"का?" सिनोवेने विचारलं.

"अगं, बाहेर देशाची अब्रू असते. तुझ्या त्या हेलाने कसं चालेल?"

"साहेब, तिकडे आपली भाषाच कुणाला येत नाही. हेल कुठला आणि कुठला नाही, त्यांना काय कळणार?"

"त्यांना नाही कळणार," हेल्गेसेन शांतपणे म्हणाले. "आपल्याला कळेल ना. आपण घरी बसून बघणार आहोत."

मी सुन्न झालो. पाठवायचं परदेशात, आणि लाज वाटायची ती आपल्याच बैठकीच्या खोलीत! असला हिशोब मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी स्क्यारेकडे बघितलं. हट्टाने तिला आणणारा हाच माणूस आता बुटाचं टोक न्याहाळत होता. रागनाबाई हळूच म्हणाल्या, "गाणं हिच्यामुळे जिंकलंय, हेल्गेसेन." त्यावर साहेब म्हणाले, गाणं कुणा एकाचं नसतं, गाणं देशाचं असतं. रागनाबाईंनी पुढे वाद घातला नाही. त्यांनाही जायचं होतंच की. सिनोवेने हातमोजे घातले आणि ती स्टेशनवर गेली.

वसंत आला आणि मोठ्या स्पर्धेचा दिवसही आला. मी सामानाच्या खोलीत उभा होतो. शेजारी खोक्यावर टेलिव्हिजन ठेवून आन्सगार आणि मंडळी बघत बसली होती, वॅफल आणि जॅम पुढ्यात. रागनाबाई गायल्या. मग गुण सुरू झाले. एक देश झाला, दुसरा झाला, आमचं नाव काही येईना. वॅफल तशीच राहिली. शेवटपर्यंत आमच्या नावापुढे शून्यच होतं. माझ्या पेटीतही शून्याच्या पाट्या होत्या. सुरुवातीला त्या सगळ्यांपुढे टांगायचे, पण शेवटपर्यंत शून्यावर राहिलेलं गाणं मी कधी पाहिलं नव्हतं. आन्सगारने उठून टेलिव्हिजन बंद केला.

पण खरा धक्का सोमवारी बसला. हेल्गेसेनसाहेब वर्तमानपत्र घेऊन आले आणि ठासून म्हणाले, "गाणं उत्तम होतं. गाणारीने घालवलं."

अहो, काय हे! जिंकलं तेव्हा गाणं जिंकलं, गाणारी कुणीच नव्हती. हरलं तेव्हा गाणं कुणीच नाही, सगळं गाणारीच्या माथी! जिला जायचं होतं तिला जाऊ दिलं नाही आणि जिला पाठवलं तिलाच आता धारेवर धरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि वर्तमानपत्रंही तेच म्हणत होती. स्क्यारेचं नाव कुठेतरी खाली बारीक अक्षरात, हेल्गेसेनचं तर नावच नाही.

रागनाबाई एकदा पोशाख परत करायला आल्या. कुणी त्यांच्याशी धड बोलेना. आन्सगारने त्यांना कॉफी दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "काल पाव घ्यायला गेले, तर दुकानातली बाई विचारते, किती देऊ, शून्य?" त्या हसल्या आणि मग हसता हसता रडू लागल्या. त्यानंतर त्यांचं गाणं फारसं ऐकू आलं नाही.

शरद ऋतूत नव्या वर्षाची तयारी सुरू झाली, तर एकही नामांकित गायक यायला तयार होईना. उगाच कशाला विकतचं दुखणं, असं जो तो म्हणू लागला. मग साहेबांनी नियमच बदलला. यापुढे एका गाण्याला एकच गाणारा, आणि गाण्याच्या नावाबरोबर त्याचंही नाव फलकावर. मला आनंदाचं भरतं आलं. आन्सगारने पहिलीच पट्टी रंगवली ती सिनोवेच्या नावाची, आणि ती रंगवताना तो शीळ घालत होता. पट्टी वाळत होती तेव्हा हेल्गेसेन कुणाला तरी म्हणाले, "आता पडलो तर कोण पडलं ते सगळ्यांना स्पष्ट दिसेल." माझा आनंद तिथेच विरला.

सिनोवेला त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं. स्क्यारेचं नवं गाणं होतं. साहेबांनी तिला माझ्यासमोर उभं केलं आणि पट्टी दाखवली. "बघ, तुझं नाव. आणि आता हेलाचं काही नाही हं. उलट लोकांना आवडतं असं काही वेगळं."

सिनोवेने पट्टीवरून बोट फिरवलं. तिला अजूनही जायचं होतं, मित्रांनो. तिचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता, मला ते स्पष्ट दिसत होतं. तिने आधी विचारलं, रागनाबाई सध्या कुठे गातात? साहेब म्हणाले, त्यांचा आता विषय नको.

"मी येते," सिनोवे म्हणाली. "पण माझ्या नावाखाली स्क्यारेंचं नाव लिहा आणि त्याखाली तुमचं. गाणं त्यांनी केलं, गाणारी तुम्ही निवडली. शून्य आलं तर तिघांत वाटून घेऊ."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना राग आला नव्हता. आपलंही नाव तिथे असू शकतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी घसा खाकरला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "फलकावर तेवढी जागा नाही."

सिनोवेने मान डोलावली. ती वार्डोला परत गेली आणि पुन्हा गावाच्या जोडण्या करू लागली. देशातर्फे ती कधीच गायली नाही. पुढे दिव्यांचे फलक आले आणि मला मागच्या गोदामात आणून ठेवलं. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, वय झालं की असं व्हायचंच.

पण मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी हरून घरी आलं, तर 'हा हरला' असं म्हणायच्या आधी, त्याला कुणी पाठवलं होतं आणि टाळ्या वाजवायला कोण कोण पुढे होतं, तेही आठवा, आणि आपलं नाव त्याच्या नावाखाली लिहा. जागा नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. त्या दिवशी मला तोंड असतं, तर सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं असतं: साहेब खोटं बोलताहेत. माझ्यावर जागा होती.