हेमावतीचे आवाज

हेमावतीचे आवाज गेले, हे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं.

ती स्वतः जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. साखर पेठेतल्या ‘हेमा रेडिओज’च्या मागच्या खोलीत तिचा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, होता तिथंच होता. रविवारी दुपारी ‘दुसरी पाळी’ बँडचे तिघं तिथं सरावाला जमायचे. त्या रविवारी भुवनेश्वरीनं सिंथ चालू केला, अकरा नंबर लावला आणि पट्टीवर बोट ठेवलं. फाटक्या स्पीकरसारखा खर्र आवाज आला. तिनं बारा लावला, चौदा लावला. कुठं नुसती शिट्टी, कुठं काहीच नाही.

पुढं दुकानात हेमावतीचा नवरा ईरप्पा कामाच्या टेबलाशी बसला होता. दुकान आणि खोली यांच्यामध्ये भिंत, आणि दाराच्या जागी जाड पडदा. तो पडदा सारून आत आला. सिंथवर त्यानंच खंडेनवमीला ओढलेली विभूतीची तीन बोटं अजून तशीच होती.

“काका, हे कुणी उघडलं होतं का?” भुवनेश्वरीनं विचारलं.

“मीच की. पूजेच्या आधी. लई धूळ होती. आतला सेल जुना झालता, नवा टाकला.”

भुवनेश्वरी स्टुलावर बसली आणि तिनं सावकाश सांगितलं. तो सेल म्हणजे सिंथची आठवण होती. मशीन बंद असलं तरी काकूंनी केलेले सगळे आवाज त्या सेलच्या जिवावर आत टिकून राहायचे. सेल बदलायचा तर मशीन चालू ठेवून बदलायला हवा होता.

आणि ईरप्पानं तर आधी बोर्डातली पिन काढली होती. त्याच्या उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट तीच. आधी पिन काढायची, मग पेचकस लावायचा. उभ्या जन्मात त्याला करंट बसला नव्हता तो या एका सवयीमुळं. तीच सवय नेमकी त्या दिवशी आडवी आली.

हेमावती असताना तिनं त्याला सिंथला कधी पेचकस लावू दिला नव्हता. “तुमाला सगळंच बिघडलेलं दिसतं,” म्हणायची. खंडेनवमीला ती स्वतः कोरड्या फडक्यानं वरून पुसायची, विभूती लावायची, झालं. ती गेल्यावरची पहिली खंडेनवमी सुतकात गेली. या वर्षी त्याला वाटलं, तिची वस्तू आहे, नीट करू.

बँडमधला सिद्धू म्हणाला, “अण्णा, विभूती लावून गप बसायचं की. पेटीचं पोट कशाला फाडलं?”

सगळे हसले. ईरप्पाही हसला. मग तो पुढं जाऊन बसला. सोल्डरिंग आयर्न तापून तयार झालं तरी त्यानं काही हातात घेतलं नाही.

हेमावती अक्कलकोटकडची. माहेरी मठात भजनाला पेटी वाजवायची. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा ईरप्पा ऑर्केस्ट्रावाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करत होता. एका ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवाला ऐन लग्नसराईत पळून गेला आणि त्यांनी गंमत म्हणून हिला उभी केली. ती पुढं बारा वर्षं त्यांच्यात वाजवत राहिली. सासूनं थोडे दिवस तोंड फिरवलं, मग तीही मांडवात पुढच्या रांगेत बसायला लागली. सिंथ त्यांनी जुनाच घेतला, जपानी. हेमावती त्याला विजेची पेटी म्हणायची.

ऑर्केस्ट्रे बंद पडले, लग्नात डीजे आले. पण विजेची पेटी बंद पडली नाही. घरकाम आवरलं की ती मागच्या खोलीत बसायची आणि स्लायडर वरखाली करत आवाज तयार करायची. मशीनवर नुसते नंबर, पण तिनं प्रत्येकाला नाव दिलं होतं. अकरा म्हणजे भोंगा, मिलचा. मिल बंद होऊन किती वर्षं झाली, पण तिनं तो भोंगा तंतोतंत उतरवला होता. चौदा म्हणजे माग. बारा म्हणजे तळं, संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यावर पाणी हलतं तसा लांबट, थरथरता आवाज.

बँड उभा राहिला तो या आवाजांमुळं. भुवनेश्वरी तिची शिकवणीची विद्यार्थिनी, आता बँकेत नोकरीला. तिनं एकदा मोबाइलवर परदेशातल्या पोरांची गाणी आणून ऐकवली. ऐंशीच्या दशकातल्या मशीनचे आवाज, गाणी मात्र आजची. याला सिंथवेव म्हणतात, जगभर लोक करतात, असं तिनं सांगितलं. ऐकताना वाटतं हे आपण लहानपणी ऐकलंय, आणि ऐकलेलं तर नसतं. हेमावतीनं ऐकलं आणि म्हणाली की नाव काय का असेना, पेटी तीच आहे. मग ऑर्केस्ट्रातला जुना बेसवाला सिद्धू आला. त्याचं चादरींचं दुकान. ऑक्टापॅडवर अंबादास आला. त्याचे स्वतःचे पॉवरलूम, त्यामुळं ताल म्हटला की तो मागाचाच धरायचा आणि त्याला दुसरा कुठला येतही नव्हता. नाव हेमावतीनंच ठेवलं, दुसरी पाळी. ईरप्पा बँडमध्ये नव्हता. तो वायरी जोडायचा, चहा सांगायचा आणि पुढं दुकानात बसायचा.

आता अडचण अशी होती की दिवाळीनंतर जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांचा मेळावा होता. शहरातले सगळे जुने वाजवणारे येणार, आणि दुसरी पाळीनं हेमावतीच्या आठवणीत पाच गाणी वाजवायची असं ठरलं होतं. ते लोक तिचा भोंगा ओळखणारे होते.

अंबादासचं म्हणणं पडलं की लॅपटॉपमध्ये असे आवाज तयार मिळतात, तेच घेऊ. कुणाला कळतंय. भुवनेश्वरीनं दोन-चार लावून दाखवले. चांगले होते. ईरप्पा पडद्यापाशी उभा राहून ऐकत होता. तुम्हाला बरं वाटेल ते करा, असं म्हणाला आणि पुढं निघून गेला.

“हे वाजवलं तर अण्णा मेळाव्याला यायचा न्हाय,” सिद्धू म्हणाला.

तेव्हा ठरलं की आवाज परत करायचे. सरावाची रेकॉर्डिंग सिद्धूच्या फोनमध्ये होती. त्यात पंख्याची घरघर होती, ऑक्टापॅड होता, सिद्धूचं खोकणं होतं, पण त्याच्या आड हेमावती होती. भुवनेश्वरी फोन कानाला लावून एकेक स्लायडर सरकवत बसायची. भोंगा पहिल्याच रविवारी जमला. माग दिवाळीच्या आत झाला, कारण अंबादास चूक लगेच पकडायचा. ईरप्पा मात्र प्रत्येक वेळी मान हलवायचा. फार चकाकतोय, हेमाचा असा चकाकत नव्हता, तो मऊ होता, असं त्याचं म्हणणं. फोनमधला आवाज तर चांगला चकाकत होता.

“फोन खोटं बोलतोय व्हय अण्णा?” सिद्धू म्हणाला.

ईरप्पा चिडला. तीस वर्षं ऐकलंय, म्हणाला, माझ्या कानात आहे.

भुवनेश्वरीनं त्याला विचारलं, “काका, काकू वाजवायच्या तेव्हा तुम्ही कुठं बसायचा?”

“कुठं म्हणजे? हितंच की, दुकानात.”

“आत कधी?”

आत तो वायर लावायला यायचा, पंखा दुरुस्त करायला यायचा. ती वाजवत असताना शेजारी बसून ऐकलंय असं त्याला एकदाही आठवेना. दुकान सोडून कसं बसणार? तीस वर्षं त्यानं बायकोला ऐकलं होतं ते भिंतीच्या अलीकडून, जाड पडद्यातून, तिच्याकडं पाठ करून.

“मग तिकडंच बसून सांगा,” भुवनेश्वरी म्हणाली.

तो टेबलाशी जाऊन बसला. पडदा सोडला. आतून भोंगा वाजला, आणि ईरप्पानं नाक पुसलं. चकाकणं पडद्यानं गाळलं होतं. तोच होता.

गाण्यांना लागणाऱ्या पाच आवाजांपैकी चार असे झाले. पाचवा राहिला, बारा नंबर, तळं. मेळाव्यातलं पहिलं गाणं त्यानंच सुरू व्हायचं, आणि तो फोनमध्ये नव्हता. सिद्धू बेस गळ्यात अडकवून, पट्टा नीट करून, मग फोन चालू करायचा. तोवर तळं वाजून गेलेलं असायचं. हे कळल्यावर अंबादासनं त्याला आपल्या घरच्या तेलुगूत काहीतरी सुनावलं, ते त्यानं मराठीत सांगितलं नाही.

आता उरला ईरप्पाचा कान. भुवनेश्वरी आत आवाज बदलत राहायची आणि पुढून ईरप्पा ओरडून सांगायचा, थोडा खाली, नको, पुन्हा वर. पण तो कान टवकारून बसला की सगळेच आवाज बरोबर वाटायचे, आणि दुसऱ्यांदा ऐकले की सगळेच चूक. एक रविवार असाच गेला. मधल्या दिवसांत भुवनेश्वरी बँकेतून परस्पर येऊ लागली. तरी जमेना. ईरप्पा म्हणाला की माझ्या कानातून पण पुसलं गेलं वाटतं. हे बोलताना तो हसला नाही.

मेळाव्याच्या आदल्या रविवारी दुपारी आत खटपट चालू होती आणि मंद्रूपहून ईरप्पाचा जुना दोस्त शिवशरण आला. गावच्या मठाचा ॲम्प्लिफायर त्यानं मोटरसायकलला बांधून आणला होता. ‘शरणार्थी’ म्हणत नमस्कार झाले, ॲम्प्लिफायर टेबलावर आला.

“आवाज घशात अडकल्यागत येतोय बघ.”

“मशीनला बोल लावू नको. तू गात असशील.”

“मी गायलो तर मठ रिकामा होतो. तेवढं मला कळतंय की.”

ईरप्पानं पिन काढली, झाकण उघडलं आणि आत डोकं घातलं. कुठल्या तरी जोडणीवर गंज चढला होता. शिवशरण समोरच्या स्टुलावर बसून गावच्या बाजाराचं, मेथीच्या भावाचं, जावयाच्या नव्या गाडीचं सांगत होता. ईरप्पा हूं हूं करत गंज खरवडत होता. मागून पेटी चालू होती. शिवशरणचं एक वाक्य त्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं मान वर न करता, पेचकस हातात धरूनच, मागं आवाज दिला.

“स्वल्प कडिमी माड. गिराकी बंदार.”

जरा कमी कर, गिऱ्हाईक आलंय. तो घरात हेमावतीशी कन्नड बोलायचा. बँडमधल्या कुणाशी कधीच नाही, आणि भुवनेश्वरीला आवाज कमी कर असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं.

मागं एकदम शांत झालं. स्लायडरला धक्का लागेल म्हणून भुवनेश्वरीनं हात अलगद उचलला. मग एका बोटानं तिनं आवाज साठवायचं बटण दाबलं, आणि बारा नंबर दाबला. सिद्धू बेस धरून भिंतीला टेकून उभा होता, त्यानं चष्मा काढला.

ईरप्पाला आपण काय बोललो ते शांततेमुळं कळलं. तो पेचकस खाली ठेवून बसून राहिला. शिवशरणला काही उमगलं नाही. माझ्यामुळं बंद केलं का, असं तो विचारत होता. वाजू दे की, चांगलं होतं, तळ्यावर बसल्यासारखं वाटत होतं.

“पुन्हा लाव गं, भुवना,” ईरप्पा म्हणाला. “जोरात लाव.”

मेळाव्यात पाचही गाणी झाली. भोंगा वाजला तेव्हा मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या ट्रंपेटवाल्यानं उठून सगळ्यांना सांगितलं की चला, पाळी सुटली. लोक हसले आणि मग टाळ्या थांबेनात. ईरप्पा स्टेजच्या बाजूला पडद्याआड मिक्सर सांभाळत होता. तिथून त्याला नेहमीसारखंच ऐकू येत होतं. घरी येताना चौघांनी शेंगाचटणी-भाकरी खाल्ली आणि सिद्धूनं जास्त खाल्ली म्हणून अंबादासनं त्याला वाटभर छळलं.

भुवनेश्वरीनं आता सगळे आवाज लॅपटॉपमध्येही उतरवून ठेवले आहेत. सिंथच्या पाठीला तिनं कागद चिकटवलाय, ‘सेल बदलताना पिन काढू नये’. ईरप्पा सकाळी दुकान उघडलं की आधी पडदा बाजूला सारतो. रविवारी सराव असला की अर्धा तास तो आत येऊन बसतो. गिऱ्हाईक आलं तर थांबतं. जवळून ऐकलं की तळं चांगलंच चकाकतं, हे त्याला आता आवडायला लागलंय.

एकतीस नंबर मात्र तसाच पुसलेला आहे. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत, दवाखान्याच्या फेऱ्यांमधून वेळ काढून, हेमावती तो आवाज करत होती. कानाला हेडफोन लावून करायची, त्यामुळं तो कुणी ऐकला नाही, पडद्यातूनसुद्धा नाही. ईरप्पानं विचारलं तेव्हा झाला की ऐकवीन म्हणाली होती. तो परत करता येणार नाही, हे सगळ्यांना कळतं. भुवनेश्वरी म्हणाली, त्या जागी काकांनीच एक करावा. ती त्याला बुधवारी संध्याकाळी स्लायडर शिकवते. त्याला अजून आवाज नुसता मोठा करता येतो.

एकतीस नंबरचा आवाज व्हायचा आहे.