वयोमानानं

"वयोमानानं होतं, आजी," कानात बॅटरी मारत डॉक्टर म्हणाला. "मळ नाही, पडदा शाबूत आहे. आतल्या नसा थकल्यात, म्हणून शिट्टी वाजते."

"मग माझी थोरली बहीण का नाही थकली?" म्हातारी ओरडलीच. हळू बोलणं तिला ठाऊक नव्हतं. "भिंतीपलीकडची कुजबूज ऐकते मेली!"

सुनेनं कपाळाला हात लावला. "आई, हळू."

डॉक्टरला हसू आलं. "काम काय करायचात?"

"पत्र्याचे डबे. कारखान्यात, प्रेसच्या मशीनवर. लग्नाआधीपासून."

"कानाला काही लावायचात?"

"कापसाचे बोळे घातले की मुकादम म्हणायचा, राणीसाहेब, पालखी पाठवू का?"

डॉक्टरचं हसू गेलं. गुडघ्यांसाठी ती रोज गिळायची त्या गोळ्यांची पट्टी त्यानं उलटीसुलटी केली. "ह्या जास्त झाल्या तरी शिट्टी वाढते. बदलून देतो. पण मशीननं नेलेलं परत येत नाही."

म्हणजे कान कुणीतरी खाल्ले होते, आणि खाणारा वयाचं नाव सांगून तोंड पुसून मोकळा झाला होता.

पण म्हातारीचा जीव अडकला होता नातवात. सून कामावर गेली की आठ महिन्यांचं पोर हिच्याच पदरात. परवा ही भांडी घासत होती आणि पाठीमागे पाळण्यात पोर रडून रडून निळं पडलं. कारखान्यात कुणी कुणाला हाक मारत नसे, ऐकणार कोण? खांद्यावर थाप पडली की वळायचं. थाप नाही म्हणजे कुणाला आपलं काम नाही, हे हाडांत असं मुरलेलं की ती वळलीच नाही. शेवटी शेजारणीनं धावत येऊन तिला हलवलं.

"कानाला यंत्र लावून बघू, आई," बाहेर आल्यावर सून म्हणाली.

"बघू. पण तोवर पोर माझ्यावर टाकून जाशील?"

ओठ वाचण्यात म्हातारी तरबेज. सुनेच्या ओठांवर वाचण्यासारखं काहीच आलं नाही.

"पाळणाघरात ठेव त्याला," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज सुनेला जेमतेम ऐकू आला.

सोमवारी सून पोराला घेऊन जिना उतरली. अंधाऱ्या वळणावर, आईच्या खांद्यावरून, पोरानं आजीकडे पाहून तोंड उघडलं. हसतंय की रडतंय, कळेना. ती दोघं दिसेनाशी झाली, तरी म्हातारी कठड्याशी उभी राहून दोन्ही हात हलवत होती.