‘नाही’साठी जागा

कल्पना करा बरं, काचेच्या बशीत सुईच्या टोकाएवढा एक ठिपका आहे. डोळे ताणले तरी जेमतेम दिसेल. हा मानवी भ्रूण, म्हणजे बाळ होण्याच्या वाटेवरचं अगदी पहिलं पाऊल. मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या एखाद्या जोडप्याचे असे भ्रूण उरले, तर ते संशोधनाला देता येतात. पण उठलं आणि संशोधन केलं, असं चालत नाही. परवाना लागतो. भ्रूण कशासाठी हवेत, किती हवेत, हे आधी लिहून द्यायचं आणि चौदा दिवसांपुढे एकही वाढवायचा नाही.

खारूची आई हेच काम करायची. काही बायकांच्या पोटात गर्भ रुजतच नाही, तो का, हे तिला शोधायचं होतं. तिचा परवाना शुक्रवारी संपत होता. नवा मिळाला नाही, तर शनिवारपासून काम बंद. आणि आज परवाना देणाऱ्या समितीने अर्ज परत पाठवला होता: ‘संमतीपत्र अपुरे आहे. देणाऱ्याच्या नजरेने वाचून पाहा.’

“दहादा वाचलं,” आई म्हणाली. “मला तर काही कमी दिसत नाही.”

“कसं दिसेल? आपला तो बाब्या!” दादाने टोमणा मारला.

“खारू, तू वाच. समज, तूच देणारी.”

खारूने चष्मा सारखा केला, चारही पानं वाचली आणि पेन्सिलीने झोकात सही ठोकली. मग म्हणाली, “आता मला नाही द्यायचं.”

“का गं?”

“ते कशाला सांगू? नाही म्हणजे नाही. कुठे लिहू?”

“झालं! घटकेत हो, घटकेत नाही,” दादा हसला.

आई हसली नाही. तिने पानं उलटून पाहिली. ‘हो’ म्हणायला तीन जागा होत्या, ‘नाही’ म्हणायला एकही नव्हती.

“काखेत कळसा, दुसरं काय!” ती म्हणाली. भ्रूण प्रयोगात वापरला जाईपर्यंत देणाऱ्याला मन बदलता येतं आणि त्याला कारण विचारायचं नाही, हा नियम तिला पाठ होता. येणाऱ्या प्रत्येकाला ती तो तोंडी सांगायची. त्यामुळेच तो कागदावर यायचा राहून गेला होता.

तिने ती ओळ लिहिली, खाली सहीला जागा सोडली आणि नव्या प्रती काढल्या.

खारूने एक प्रत घेतली आणि ‘नाही’च्या जागी सही करून आईकडे रोखून पाहिलं. आईने काहीच विचारलं नाही.

“आता ‘हो’ म्हणायचं का, ते बघते,” म्हणत खारूने दुसरी, कोरी प्रत पुढे ओढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.