गोठलेल्या खाडीवरचे गिरमिट

मित्रांनो, मी एक जुने गिरमिट आहे. सुताराच्या पेटीत असते त्याच जातीचे, पण उंचीला माणसाच्या छातीपर्यंत. सुताराचे गिरमिट लाकडाला भोक पाडते, मी गोठलेल्या समुद्राला पाडते.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. मळसूत्रासारखा पिळाचा कणा, खाली दोन धारदार पाती आणि वर फिरवायला वाकडा दांडा. उन्हाळ्यात येणाऱ्या मालाच्या जहाजातून, पिठाची पोती आणि चहाची खोकी यांच्यामध्ये दबून, मी उत्तर ध्रुवाजवळच्या बॅफिन बेटावरच्या या लहान गावात आले आणि लीटियाच्या हाती पडले.

लीटिया गावाची हवामान निरीक्षक. ती रोज वारा, ढग आणि थंडी यांची नोंद करी आणि आठवड्यातून एकदा मला खांद्यावर टाकून खाडीच्या बर्फावर जाई. आधी माझ्याकडून भोक पाडून घ्यायचे. मग टोकाला आडवी पट्टी बांधलेली दोरी आत सोडायची. पट्टी बर्फाच्या तळाला अडकली की दोरी ताणून जाडी मोजायची. पहिल्यांदा भोकातून पाणी वर उसळले तेव्हा मी दचकलेच. एवढ्या टणक पांढऱ्या पठाराखाली समुद्र जागाच होता!

लीटियाचा थोरला भाऊ मोझेसी सीलची शिकार करी. आम्ही दिसलो की तो लांबूनच ओरडे, "काय डॉक्टरीणबाई, आज कुठं सुई टोचणार?"

"तुझ्याच पाठीत. ये जवळ!" लीटिया म्हणे.

पण शिकारीला निघण्याआधी हाच मोझेसी दारातून डोकावून विचारी, "खाडीच्या टोकापाशी बर्फ कसा आहे गं?" तेव्हा माझा ऊर भरून येई. दर वसंतात तो ओडेट नावाच्या खडकांच्या अभ्यासक बाईला खाडीपलीकडच्या डोंगरावर नेई. त्या डोंगरावर, समुद्रापासून पार उंचावर, शिंपल्यांचे थर आहेत. फार पूर्वी या जमिनीवर बर्फाचे पर्वत बसले होते, ते ओझे उतरल्यापासून जमीन अजून हळूहळू वर येते आहे, असे ओडेट सांगे.

"जमीन उठतेय, माझी कंबर तेवढी उठत नाही," मोझेसी म्हणे आणि तिचे दगडांचे पोते उचलताना मुद्दाम कण्हे.

मग एका हिवाळ्यात एक पिवळी पेटी आली. घसरगाडीवर ठेवून ती ओढत नेली की बर्फाची जाडी आपोआप पडद्यावर उमटे. लीटियाचा खांदा अलीकडे दुखू लागला होता. तिला हायसे वाटले, आणि ते बरोबरच होते. मला तिने कोठीत, माशांच्या पोत्यांमागे उभे केले. घाईत मला पुसायचे मात्र राहून गेले. माझ्या पात्यांवर तांबूस गंज चढला. बाहेर मोझेसीचा आवाज ऐकू येई, पण "बर्फ कसा आहे?" हा प्रश्न आता पेटीला होता.

असे कितीतरी हिवाळे गेले.

गेल्या वसंतात विपरीत घडले. थंडी सरायच्या आतच दक्षिणेचा ऊबदार वारा सुटला आणि बर्फावर पाऊस पडला. खाडीभर घोट्याएवढा पाणचट चिखल झाला. मोझेसी आणि ओडेट तेव्हा पलीकडच्या काठावर तंबूत होते. तिथे एक शिळा घसरून ओडेटच्या पायावर आली. पाय सुजला, तिला ताप भरला, असे मोझेसीने रेडिओवरून कळवले. धुके एवढे दाट की विमान उतरणे अशक्य. तिला गावच्या दवाखान्यात आणायचे तर बर्फावरूनच आणावे लागणार होते.

लीटियाने पेटी बाहेर काढली. पण बर्फावर पाणी साचले की पेटीचा गोंधळ उडतो. पडद्यावर नुसत्या रेघांचा गुंता दिसू लागला. ती तडक कोठीत आली, पोती बाजूला फेकली आणि माझा दांडा धरला.

शेजारचा नौडलक मदतीला आला होता. मला बघून तो म्हणाला, "अगं, याला गंज चढलाय! हे बर्फ कापणार का लोणी?"

"मग बोलत काय बसलास? धार लाव!"

नौडलकने माझी पाती दगडावर घासली, कण्याला सीलची चरबी चोळली. मी पुन्हा खाडीवर निघाले. खरे सांगते, मला भीती वाटत होती. माझ्याने होईल का?

काठाजवळ बर्फ दीड हात जाड लागला. नौडलकने तिथे काठी रोवून लाल चिंधी बांधली. पुढचे भोक, पुढची काठी. अशा काठ्या रोवत आम्ही खाडीच्या टोकापाशी आलो. मोझेसीची नेहमीची वाट तिथूनच जाते. लीटियाने दांडा जेमतेम फिरवला आणि मी भसकन खाली गेले. खाली पाण्याची ओढ एवढी होती की माझा कणा थरथरला. बर्फ उरला होता वीतभर, तोही भुसभुशीत.

"मागे सरक," लीटिया हळूच नौडलकला म्हणाली. तिने रेडिओ तोंडाशी धरला. "दादा, नेहमीच्या वाटेनं येऊ नकोस. टोकापाशी बर्फ राहिलेला नाही."

"लहानपणापासून त्याच वाटेनं येतोय मी," मोझेसी वैतागून म्हणाला. "ही बाई तापानं फणफणलीय. लांबचा वळसा घालू?"

"वाट तीच आहे, बर्फ तो नाही. मी आत्ता गिरमिट घालून बघितलंय."

रेडिओ खरखरला. मग आवाज आला, "त्या म्हाताऱ्या गिरमिटानं सांगितलं का? बरं. कुठून येऊ?"

आम्ही उत्तरेला वळलो. तिथे पाणी उथळ, प्रवाह मंद. भोकामागून भोक पाडत गेलो. लीटियाचा खांदा भरून आला तेव्हा नौडलकने दांडा घेतला, तो दमला की पुन्हा तिने. प्रत्येक ठिकाणी हातभर, सव्वा हात, भक्कम बर्फ! धुक्यात लाल चिंध्यांची रांग पलीकडच्या काठापर्यंत पोचली.

"या," लीटिया रेडिओवर म्हणाली. "चिंध्या सोडू नका."

बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाईलची घरघर जवळ आली. मागच्या घसरगाडीवर कातड्यांत गुंडाळलेली ओडेट होती. मोझेसीने आम्हालाही मागे घेतले आणि चिंध्यांमागून हळूहळू गाडी हाकली. गावचा काठ लागला तसा लीटियाने एवढा मोठा श्वास सोडला की तिच्या तोंडाभोवती ढगच झाला. मग ती हसू लागली.

"दगड आणले का?" तिने ओडेटला विचारले.

"एकच," ओडेट क्षीण आवाजात म्हणाली. "माझ्या पायावर पडलेला."

ओडेटचा पाय बरा झाला. धुके विरल्यावर सगळ्यांनी पाहिले, टोकापाशी बर्फ फाटून काळे पाणी उघडे पडले होते. ती मोझेसीची नेहमीची वाट होती. मग लीटियाच्या घरी येऊन त्याने गरम पाण्याने माझी पाती धुतली, कोरड्या फडक्याने पुसली आणि मला दाराजवळच्या खुंटीवर टांगले. आता पेटी आणि मी जोडीने जातो. पेटी भराभर खाडीभर फिरते, मी मधे मधे भोक पाडून तिचे माप पडताळते. आमचे छान जमते.

मित्रांनो, आम्हा अवजारांना फार काही लागत नाही. काम झाले की पुसा, कोरडे ठेवा, धार राखा. नवे घरात आले म्हणून जुने ओलेच कोपऱ्यात टाकू नका. आणि तुम्ही एखाद्या वाटेने सुखरूप घरी पोचाल तेव्हा एवढे मनात असू द्या की कुणीतरी तुमच्याआधी तिथे जाऊन, पायाखालचे नीट तपासून आले आहे.